झाकण्याआधी पाहून घ्या



हळद शिजली, वाळली, मोंढ्यात गेली आणि पट्टीचे पैसे हातात आले, की आखाडा बाळापूर, कळमनुरी, वसमत या पट्ट्यात घराच्या गोष्टी सुरू होतात. नांदेड-हिंगोली रस्त्याने उन्हाळ्यात जाताना जागोजागी विटांचे ढीग, खडीचे ढीग आणि ताज्या खणलेल्या पायाच्या चाऱ्या दिसतात. घरांचे आराखडे करणे आणि बांधकामावर देखरेख करणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे. माझ्याकडे येणारी बहुतेक माणसे आधी विचारतात, चौरस फुटाला भाव काय पडेल? मग दरवाजा कोणत्या दिशेला, फरशी कोणती, रंग कोणता. खड्ड्यात काय टाकायचे, कॉलमच्या आत काय बांधायचे, हे फार थोडे जण विचारतात. वास्तविक घर उभे राहते ते तिथल्या कामावर, आणि ते काम एकदा झाकले गेले की परत बघायला मिळत नाही. म्हणून आज मी त्याच कामाबद्दल बोलणार आहे.

आपल्या भागातली जमीन दोन प्रकारांनी हलते. पहिला प्रकार दरवर्षीचा. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तीच माती घराखालीही असते. पावसाळ्यात घराच्या कडेची माती आधी भिजते, मधली कोरडी राहते. कड वर उचलली जाते, उन्हाळ्यात परत खाली बसते. असे चार-पाच पावसाळे गेले की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा निघतो. लोक त्यात सिमेंट भरतात, वरून रंग देतात. पुढच्या वर्षी तडा तिथेच पुन्हा उघडतो, कारण दोष भिंतीत नसून खाली मातीत असतो.

म्हणून पाया किती खोल घ्यायचा हे फुटात ठरवून येऊ नका. शेजाऱ्याने चार फूट घेतला म्हणून आपणही चार फूट, हा हिशेब काळ्या रानात चालत नाही. कुठे तीन फुटांवर मुरूम लागतो, तर ओढ्याकाठी दहा फूट खणले तरी काळीच निघते. मुरूम लागेपर्यंत जाता येत असेल तर जा. जाता येत नसेल तर निदान मातीच्या भेगा जिथे संपतात, त्याच्या खाली आणखी फूटभर जा. उन्हाळ्यात खणायचे ते याचसाठी. भेगा कुठवर गेल्यात हे त्या दिवसांत उघड्या डोळ्यांनी दिसते. काळी फारच खोल असेल तर खाली कंद असलेले काँक्रीटचे खांब, ज्यांना इंजिनिअर अंडररीम पाइल म्हणतात, ते जमिनीत उतरवून त्यांच्यावर बीम टाकतात. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही पद्धत अशाच मातीसाठी विकसित केली. खर्च वाढतो हे खरे, पण तळमजल्याच्या घरालाही ती पद्धत लागू पडते. ती आपल्या जागेला हवी का, हे खड्डा पाहून इंजिनिअरला ठरवू द्या.

आता एक गोष्ट जरा जवळून पाहू. पाया भरून झाला, जोत्याच्या भिंती वर आल्या, मधे रिकामा चौक राहिला. तो भरायला माती हवी, आणि पायातून निघालेली काळी माती बाजूलाच पडलेली असते. फुकट आहे, गाडीभाडे नाही. मिस्त्री ती ढकलून देतो, वरून थोडा मुरूम पसरतो, फरशी बसते. सहा महिन्यांत मधल्या खोलीची फरशी घुमटासारखी वर येते, दार अडते, सांधे उघडतात. घरात नवी सून आलेली, पाहुण्यांसमोर दार घासत उघडायचे. मालकाला वाटते, फरशीवाल्याने फसवले. फरशीवाल्याचा काही संबंध नसतो. भराव हा मुरमाचाच हवा, तोही सहा-सहा इंचांच्या थरांनी, प्रत्येक थर पाणी मारून धुमसाने ठोकलेला. भराव चालू असेल त्या दोन दिवसांत घरातल्या कोणीतरी तिथे उभे राहावे. ताई, मावशी, तुम्हीही उभ्या राहू शकता. काळी माती कोणती आणि मुरूम कोणता, हे तुमच्याहून चांगले कोण ओळखेल?

घर झाल्यावरही पाणी पायापासून लांब ठेवायचे आहे. चारही बाजूंनी तीन-चार फूट रुंदीची, बाहेर उतार दिलेली फरशी करा. मोरीचे पाणी पाइपातून लांब न्या. एका कोपऱ्यात ते मुरत राहिले तर तोच कोपरा फुगतो. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे करून उघडी गटारे आणि डास घालवले, आणि तसे खड्डे आपल्याकडेही व्हायला हवेत. मात्र काळ्या जमिनीत शोषखड्डा भिंतीला चिकटून नको. वीस फूट तरी सोडा. मोठ्या झाडाचेही तसेच. मुळे उन्हाळ्यात माती कोरडी करतात, म्हणून झाडाची उंची जितकी वाढणार तितके अंतर ठेवावे.

जमीन हलण्याचा दुसरा प्रकारही तुम्ही अनुभवला आहे. 21 मार्च 2024 रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात आधी 4.5 आणि दहा-अकरा मिनिटांनी 3.6 तीव्रतेचा धक्का बसला. त्याच वर्षी 10 जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा 4.5 चा धक्का आला, त्याचे केंद्र कळमनुरी तालुक्यात होते. नांदेड, परभणीपर्यंत भांडी वाजली. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात तर जमिनीतून गूढ आवाज येण्याच्या बातम्या अनेक वर्षांपासून आपण ऐकतो. अशा धक्क्यांनी नीट बांधलेले घर पडत नाही, त्यामुळे घाबरून जायचे कारण नाही. पण घर बांधायला निघालेल्या माणसाने ते विसरूनही चालणार नाही.

लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या आत झाला. तीव्रता 6.2 च्या आसपास होती. त्याहून मोठ्या भूकंपातही जगात कमी माणसे दगावली आहेत. इथे हजारो गेली, त्याचे मोठे कारण घरांच्या बांधणीत होते. दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, आत आणि बाहेर अशा दोन पाखांच्या, मधे नुसता भराव. दोन्ही पाखांना धरून ठेवणारा आरपार दगड नाही. वर माळवद, आणि गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात त्यावर टाकलेली आणखी एक पाटी माती. वर्षानुवर्षे ते ओझे वाढत गेले. हादरा बसला तशी पाखे सुटली आणि झोपलेल्या माणसांवर माळवद आले. लातूर, उस्मानाबादेत जी घरे होती, तशीच आपल्याकडच्या जुन्या गावठाणांत आजही आहेत.

नव्या विटांच्या घरात उपाय साधा आहे आणि फार महाग नाही. जोत्यावर एक, दारे-खिडक्यांच्या वर लिंटेलच्या पातळीला एक आणि छताखाली एक, असे काँक्रीटचे पट्टे सर्व भिंतींवरून सलग फिरवायचे. तीन-चार इंच जाडी, आत किमान दोन सळ्या आणि कोपऱ्यात सळी वळवून पुढच्या भिंतीत नेलेली. आपल्याकडे लिंटेल फक्त दारापुरता टाकतात आणि मधे सोडून देतात. तो पट्टा पूर्ण फिरला तरच चारही भिंती एकमेकींना धरून राहतात. दार-खिडकी कोपऱ्यापासून दोन फूट तरी लांब ठेवा.

कॉलम-बीमचे घर असेल तर रिंगांकडे बघा. उभ्या सळ्यांना वेढा घालणारी ती आठ मिलिमीटरची रिंग. तिची दोन टोके कशी वळवली आहेत यावर बरेच काही अवलंबून असते. बहुतेक ठिकाणी टोके काटकोनात वळवून सोडतात. हादऱ्यात बाहेरचे काँक्रीट सुटले की अशी रिंग उघडते आणि उभ्या सळ्या बाहेर फाकतात. टोक कॉलमच्या आतल्या बाजूला तिरपे, 135 अंशांत वळलेले आणि तीन इंच आत गेलेले हवे. कॉलमच्या वरच्या आणि खालच्या दोन-दोन फुटांत रिंगा चार-चार इंचांवर, मधल्या भागात सहा इंचांवर. बीम आणि कॉलम जिथे मिळतात त्या सांध्यातही रिंगा हव्यात. तिथे हात घालायला अवघड जाते, म्हणून त्याच नेमक्या गाळल्या जातात. नऊ इंची कॉलमचा आग्रह भिंतीतून बाहेर दिसू नये म्हणून धरतात. भूकंपरोधक बांधकामाचे भारतीय मानक 300 मिलिमीटर म्हणजे बारा इंचांच्या खाली जाऊ नका असे सांगते. खोलीच्या कोपऱ्यात तीन इंच कॉलम दिसला तर कपाट थोडे सरकवा. सेंट्रिंगच्या फळ्या ठोकण्याआधी मोबाइलवर प्रत्येक कॉलमचा फोटो काढून ठेवा. फोटो काढणार हे कळले की कामही नीट होते.

स्लॅबच्या दिवशी घरात गडबड असते. नारळ फुटतो, मजुरांचे जेवण, पाहुणे. त्यात मिक्सरमध्ये पाणी किती पडते हे कोणी बघत नाही. काँक्रीट पातळ असले की पसरायला सोपे जाते, म्हणून मजूर पाणी वाढवतात, आणि जितके जादा पाणी तितका स्लॅब कमजोर. एक सिमेंट, दीड वाळू, तीन खडी या प्रमाणाला 50 किलोच्या एका पोत्यामागे 30 लिटर पाणी, म्हणजे पंधरा लिटरच्या दोन बादल्या. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. बादली मोजायला घरातला एक जाणता मुलगा बसवा आणि व्हायब्रेटर भाड्याने आणा. वाळूत माती किती, हे काचेच्या बाटलीत कळते: निम्मी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवून तीन तास ठेवा. वाळूवर मातीचा जाड थर बसला तर ती वाळू धुतल्याशिवाय वापरू नका.

पुढचे दिवस पाणी मारण्याचे. आपले बांधकाम उन्हाळ्यात आणि पाण्याची टंचाईही उन्हाळ्यातच. टँकर विकत घ्यावा लागतो, म्हणून तीन दिवसांत पाणी बंद होते. कडक उन्हात काँक्रीट चौदा दिवस ओले राहिले पाहिजे. स्लॅबवर मातीची आळी करून पाणी भरून ठेवा, कॉलमला गोणपाट गुंडाळून वरून प्लास्टिक बांधा. थोड्या पाण्यात भागते. टँकरचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरा. खोलीच्या स्लॅबचे आधार चौदा दिवसांच्या आत आणि बीमचे एकवीस दिवसांच्या आत काढू देऊ नका, सेंट्रिंगवाला कितीही घाई करू दे.

शेतकऱ्याच्या घराची आणखी एक गोष्ट, जी शहरातल्या नकाशात नसते. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे 200 किलो वापराचे वजन धरून काढतात. भाव पडला म्हणून हळदीची, सोयाबीनची पोती वरच्या मजल्यावर पाच-पाच थरांनी रचली की तेच वजन 500 किलोच्या आसपास जाते. माल ठेवायचा असेल तर तळमजल्यावर जागा ठेवा, नाहीतर इंजिनिअरला आधीच सांगा, तो त्या खोलीचा स्लॅब वेगळा काढील.

पैशाचे थोडक्यात. गावठाणात असाल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ आपल्या नावावर आहे का, शेतात बांधत असाल तर त्या जागेवर बांधायला कोणती परवानगी लागते, हे पहिली कुदळ मारण्याआधी बघा. बँक नंतर तेच विचारते. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात 1 लाख 20 हजार रुपये टप्प्याटप्प्याने खात्यात येतात आणि घर किमान 25 चौरस मीटरचे लागते. राज्याच्या 2025 च्या वाळू धोरणात घरकुलासाठी पाच ब्रासपर्यंत वाळू विनामूल्य देण्याची तरतूद आहे, ती तहसीलमध्ये मागा. एवढ्या पैशात मोठे घर उभे करायला जाऊन पाया कापू नका. दोन खोल्या पक्क्या करा, तिसरीची जागा सोडा. ठेकेदाराशी लेखी करार करा, काम पूर्ण झाल्याच्या टप्प्यावर पैसे द्या, आणि दहा टक्के पहिला पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा.

ज्यांचे घर जुने आहे, त्यांनी एवढे तरी करावे. माळवदावरची साठलेली जादा माती उतरवा. दगडी भिंतीत दर दोन फूट उंचीला आणि चार-चार फुटांवर आरपार भोक घेऊन, सळी घालून काँक्रीटने भरून घ्या. जाणकार गवंड्याचे काम आहे, भिंत न पाडता होते. आणि पत्रे उडू नयेत म्हणून ज्यांनी वर दगड ठेवले आहेत, त्यांनी ते उतरवावेत. मार्च 2024 च्या धक्क्यानंतर शेजारच्या नांदेडच्या प्रशासनाने लोकांना हेच आवाहन केले होते. पत्रा वाशाला आकड्याच्या बोल्टने आवळून घ्या. बोल्ट, वायसर हार्डवेअरच्या दुकानात मिळतात आणि साध्या घराचे काम एका दिवसात होते. वादळवाऱ्यालाही तोच उपाय आहे, तेव्हा वळवाच्या आधीच तो उरकून घ्या.