स्टिअरिंगचें गळतें तेल

नाशिक हें तीर्थक्षेत्र म्हणून आणि द्राक्षांसाठीं प्रसिद्ध असलें, तरी तें मोटारी घडविणारेंही शहर आहे. २००२ सालीं बाजारांत आलेली स्कॉर्पियो येथील कारखान्यांतच तयार होऊं लागली. अशा शहरांत पुष्कळ घरीं पंधरा-वीस वर्षांची एखादी गाडी असावी आणि तिच्यावर सर्वांचा जीव असावा, यांत नवल नाहीं.

कॉलेज रोडवरील एका गृहस्थांची अशीच एक जुनी गाडी. ती बहुधा त्यांची सूनच चालवी. एके दिवशीं ती म्हणाली, "बाबा, वळण घेतांना गाडी कण्हते आणि स्टिअरिंग जड लागतें." गृहस्थांनीं तेलाची टाकी उघडली, तेल उणें दिसलें, तेव्हां त्यांनीं भर घातली. आठवड्यानें पुन्हां तोच प्रकार. तिसऱ्या खेपेस त्यांच्या ध्यानीं आलें कीं, हें तेल जळून खर्च व्हावयाचें नसतें. तें बंद मार्गांत फिरत राहतें. तें उणें होतें, त्या अर्थीं कोठें तरी गळतें. आणि चारच दिवसांनीं सुनेला कसारा घाट उतरून मुंबईस जावयाचें होतें!

या योजनेचें मर्म साधें आहे. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप तेलास दाब देतो आणि तो दाब चाकें वळविण्यास हातभार लावतो. अमेरिकेंतील फ्रान्सिस डेव्हिस यांनीं १९२६ सालीं अशी गाडी चालवून दाखविली. विक्रीच्या मोटारींत मात्र ही सोय १९५१ सालीं क्रायस्लर कंपनीनें प्रथम आणली. तेल संपलें तरी चाकें वळतात. पण सारा भार हातांवर येतो. घाटाच्या वळणावर हा भार अवचित आला, तर चालविणारा गोंधळतो. शिवाय गळतें तेल धुराच्या तापलेल्या नळीवर पडल्यास पेट घेण्याचें भय असतें.

एका कारागिरानें पाहतांक्षणींच सबंध यंत्र बदलण्याचा सल्ला दिला. गृहस्थांनीं घाई केली नाहीं. त्यांनीं सर्व नळ्या व सांधे फडक्यानें कोरडे पुसले, गाडीखालीं वर्तमानपत्र अंथरलें आणि इंजिन चालू करून सुनेस स्टिअरिंग दोन्हीं बाजूंस फिरविण्यास सांगितलें. शेवटच्या टोकास तें पांच सेकंदांहून अधिक दाबून धरावयाचें नसतें; पंपावर ताण येतो. दाबाच्या नळीवर हात फिरवून गळती शोधणें तर सर्वथा वर्ज्य. तेथील बारीक फवारा कातडी भेदून आंत शिरूं शकतो.

कागदावर तांबूस डाग उमटला. त्याच्या वर विजेरीचा उजेड टाकतां दिसलें कीं, टाकीकडे तेल परत नेणाऱ्या रबरी नळीचें टोंक उष्णतेनें ताठरून चिरलें होतें व क्लिप सैल झाली होती. म्हणजे दोष यंत्राचा नव्हता, अल्प मोलाच्या नळीचा होता!

इंजिन थंड झाल्यावर तेल भांड्यांत काढून घेतलें. नवी नळी तेल सोसणाऱ्या रबराचीच आणली. पाण्याची साधी नळी तेलानें लवकरच फुगते. तेलही गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या जातीचेंच घेतलें. मग पुढचीं चाकें जॅकनें उचलून, आधार देऊन, इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग सावकाश वीसेक वेळां दोन्हींकडे फिरविलें व टाकींत भर घालीत गेले. यायोगें आंतील हवा बाहेर पडते. तेलावर फेस राहिला, तर हवा शिल्लक आहे असें समजावें. काढलेलें तेल गटारांत न ओततां डब्यांत भरून ठेवलें. नाशकाचें गटार अखेर गोदावरीचीच वाट धरतें.

प्रत्येक गळती इतकी सोपी नसते. चाकांजवळील रबरी आवरणांत तेल सांपडलें, तर आंतलीं सीलें झिजलीं असें जाणावें. पंपाच्या दांड्याशीं ओल असेल, तर तेथील सील गेलें असें समजावें. हीं कामें कसलेल्या कारागिरांचीं होत. दाबाची नळी गेल्यास ती जोडूं नये, बदलावीच.

चौथ्या दिवशीं पहांटे अंथरलेला कागद कोरडा निघाला. तो पाहूनच सासऱ्यांनीं सुनेच्या हातीं किल्ली दिली.