पत्रिका आणि रक्तपरीक्षा
(वार्षिक संमेलनातील भाषण)



विज्ञानाच्या नव्या प्रगतीवर दोन शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली आहे. चंद्रावर उतरलेल्या यानाची वार्ता आपण सर्वांनी वाचलीच आहे. आम्ही रक्ताच्या एका लहानशा कुपीविषयी बोलणार आहोत.

थॅलसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक विकार होय. त्याचा वाहक स्वतः धडधाकट असतो, म्हणून त्यास कशाचा पत्ताच नसतो. परंतु पती व पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत बालकास तीव्र विकार होण्याचा संभव चारांत एक इतका असतो. अशा बालकास दर तीन-चार आठवड्यांनी दुसऱ्याचे रक्त द्यावे लागते आणि त्यातून साचणारे लोह काढण्यासाठी औषधेही घ्यावी लागतात. जातीतल्या जातीत पिढ्यानपिढ्या सोयरिकी जुळल्या, म्हणजे दोन्ही घरी तेच बीज असण्याचा संभव वाढतो. हे आपल्यासारख्या मंडळींनी विशेष ध्यानी घ्यावे.

यावर जनुकांत दुरुस्ती करणारा उपचार निघाला असून ब्रिटनने त्यास नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली. अमेरिकेत त्याचे मूल्य २२ लाख डॉलर ठरले! वाहक ओळखण्याची साधी रक्तपरीक्षा मात्र सामान्य कुटुंबासही झेपण्यासारखी आहे. सायप्रस बेटावर तेथील चर्चच विवाहापूर्वी तपासणीचा दाखला मागू लागले. तपासणी व गर्भपरीक्षा यांच्या योगे तेथे अशा बालकांचे जन्म जवळजवळ थांबले. त्या दाखल्यात तपासणी झाली एवढेच लिहितात, निष्कर्ष लिहीत नाहीत.

एकनाड आली की आपण चांगले स्थळ मोडतो, कारण संततीस अपाय होईल ही समजूत. अपायाचे जे कारण प्रयोगशाळेत दिसते, त्याची चौकशी मात्र कोणी करीत नाही.

मुलीच्याच माथी खोट मारली जाईल, अशी धास्ती माता-भगिनी बोलून दाखवितात. ती निराधार नाही. म्हणून आमची सूचना अशी की, वधूवर सूचक मंडळाने आरंभी केवळ मुलांच्या तपासणीची नोंद मागावी, तीही निष्कर्षावाचून. मुलगा वाहक नसेल, तर या विकारापुरते मुलीस विचारण्याचे कारणच उरत नाही. तो वाहक निघाला, तरच मुलीची तपासणी व्हावी. दोघेही वाहक ठरले, तरी विवाहास बंदी नसावी. डॉक्टरांच्या सल्ल्याने गर्भाची परीक्षा प्रारंभीच्या महिन्यांत करता येते. हा ठराव आजच्या सभेपुढे आम्ही मांडीत आहोत.