स्वागताध्यक्षीय भाषण



उत्तरेश्वराच्या या केम गावात मी आपलं मनापासून स्वागत करतो. आमच्या गावचं कुंकू दूरदूरच्या बाजारांत जातं. ते लावणाऱ्या कितीतरी लेकीसुना नवऱ्याची दारू मुकाट्याने सोसतात. म्हणूनच व्यसन आणि मनाचं आरोग्य यांवरची ही परिषद केममध्ये भरते आहे, याचं मला फार मोल वाटतं.

महाराष्ट्रात या कामाची वाट एका मायलेकींनी पाडली. डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. गर्द या अमली पदार्थाच्या नादी लागलेल्या तरुणांसाठी त्यांनी आणि त्यांचे पती अनिल अवचट यांनी 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पाठीशी उभे राहिले. 1997 मध्ये अनिताताई गेल्या. पुढे मानसशास्त्रज्ञ असलेल्या त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ती धुरा पेलली. तिथला 'सहचरी' गट मला सर्वांत मोलाचा वाटतो. पिणारा एकच असतो, झोप साऱ्या घराची उडते. त्याच्या बायकोलाही मन मोकळं करायला आणि सावरायला जागा लागते, हे तिथे ओळखलं गेलं.

पण मजुरी बुडवून इथून पुण्याला किती जण जाणार? 2019 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या 38 जणांत जेमतेम एकाला कसलेतरी उपचार मिळतात.

यावर गोव्याच्या 'संगाथ' संस्थेचं संशोधन मला आशेचं वाटतं. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण रीतसर शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत पिणाऱ्यांशी जास्तीत जास्त चार बैठकांत संवाद साधला. अभ्यासात 377 पुरुष होते. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्के जण घातक पिण्यातून बाहेर आले होते. इतरांत हे प्रमाण 26 टक्के होतं. 2017 मध्ये 'लॅन्सेट'ने हे निष्कर्ष छापले. फरक दहा टक्क्यांचा असला, तरी माझ्या लेखी ती वाचलेली घरं आहेत.

तज्ज्ञ मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. करमाळा तालुक्यातल्या आशाताई आणि होतकरू तरुणांना हे समुपदेशन शिकवा, आणि त्या प्रशिक्षणाची तारीख ठरवूनच इथून निघा. जागा, जेवण आणि मुक्काम यांची जबाबदारी केमकरांची.