वाळू, विहीर आणि पंचनामा

(पिंगळी, जि. परभणी येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिला आहे 'पर्यावरणाचे कायदे आणि सरकारी नोकर'. विषय ऐकून मागच्या दोघीजणी उठायला लागल्या होत्या, ते मी पाहिलं. बसा. झाडं लावा असं सांगायला मी आलेली नाही. महसूल खात्यात सारी नोकरी करून निवृत्त झालेली मी बाई आहे. मला बोलायचं आहे ते वाळूबद्दल, विहिरीबद्दल आणि पंचनामा नावाच्या कागदाबद्दल.

आपल्या जिल्ह्यात पूर्णा आहे, दुधना आहे, दक्षिणेच्या तालुक्यांतून गोदावरी जाते. या नद्यांतली वाळू हा नुसता बांधकामाचा माल नाही. पावसाळ्याचं पाणी ती धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना हळूहळू पुरवते. उन्हाळ्यात वाळूत हातभर खड्डा करून वाटीवाटीनं घागर भरलेल्या बाया इथं बसलेल्या असतील. वाळू उपसली की नदीचं पात्र खोल जातं, आणि मग काठच्या विहिरीचंच पाणी उलट नदीकडे ओढलं जातं. होळीपर्यंत टिकणारी विहीर संक्रांतीला तळ दाखवते. हे गावात पहिल्यांदा कुणाला कळतं? जिला दोन परस जास्त दोर सोडावा लागतो तिला. तलाठ्याला ते फार उशिरा कळतं.

कायदा नाही म्हणून हे होतं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत कलम ४८ आहे. चोरून काढलेल्या वाळूवर बाजारभावाच्या पाचपट दंड लावता येतो, वाहन जप्त करता येतं. अलिबागजवळ किहीमला वाळूउपसा अडवायला गेलेल्या सुमैरा अब्दुलाली यांना २००४ मध्ये मारहाण झाली. त्या गप्प बसल्या नाहीत, उच्च न्यायालयात गेल्या. २०१० मध्ये न्यायालयानं राज्यातला वाळूउपसा काही काळ थांबवला, तेव्हा कुठं सरकारनं धोरण केलं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पाच हेक्टरांपेक्षा लहान पट्ट्यालाही पर्यावरणाची मंजुरी लागेल. धोरणं तर किती वेळा बदलली! आधी लिलाव, २०२३ मध्ये सरकारी डेपो आणि सहाशे रुपये ब्रास, २०२५ मध्ये पुन्हा लिलाव. नदीला यातलं काही कळत नाही, ती खोल जात राहिली.

आता माझी एक गोष्ट सांगते. सांगायला बरं वाटत नाही, पण सांगते. मी तलाठी असताना माझ्या सज्जातल्या एका गावच्या सात-आठ बाया घागरी घेऊनच माझ्याकडं आल्या. "बाई, रात्री मशीन चालतंय, आमच्या विहिरीचं पाणी गढूळ झालं," म्हणाल्या. संध्याकाळ झाली होती. मी म्हटलं, उद्या येते. दुसऱ्या दिवशी बैठक निघाली. तिसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता मी नदीवर गेले. तिथं ना मशीन, ना ढीग. चाकोऱ्या तेवढ्या होत्या. मी पंचनामा लिहिला: 'पाहणीवेळी उत्खनन आढळून आले नाही.' एक अक्षर खोटं नव्हतं. पण त्या कागदानं ठेकेदार सुटला. पुढं बायांनी वर अर्ज केला, तेव्हा माझाच पंचनामा त्यांच्यापुढं ठेवण्यात आला. त्यातली एक मला नंतर बाजारात भेटली आणि काही न बोलता पुढं गेली.

लाच खाल्ली तरच नोकर चुकला, असं आपल्याला वाटतं. मी एक पैसा घेतला नव्हता. वेळेवर न जाणं हीसुद्धा ठेकेदाराला केलेली मदतच होती.

दुसऱ्या बाजूचंही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई नोकरांवरच घसरली. वाहन जप्त करायचा अधिकार तहसीलदाराच्या खालच्या माणसाला नाही. म्हणजे रात्री नदीवर उभा असतो तलाठी नाहीतर कोतवाल, आणि अधिकार असतो तालुक्याच्या गावी. मनमाडजवळ २५ जानेवारी २०११ रोजी अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं. तो मामला वाळूचा नव्हता, तेलाच्या भेसळीचा होता. पण एवढ्या मोठ्या हुद्द्याच्या माणसाची दिवसाढवळ्या ही गत होते, तर काठी घेतलेल्या कोतवालाच्या मनात काय येत असेल?

मग होतं असं, की कायदा जिथं सोपा तिथं चालवला जातो. गाढवावर चार पोती वाळू आणणारा वडार सापडतो, त्याची गाढवं तहसीलच्या आवारात बांधली जातात. भट्टीसाठी माती आणणाऱ्या कुंभाराला दटावलं जातं. परंपरागत कुंभाराला स्वामित्वधनात सूट आहे, हे दटावणाऱ्याला ठाऊकच नसतं. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर आत जातो, मालक बाहेर. वर्षअखेरीला कारवायांचा आकडा मात्र भरतो.

लातूरचं आठवून पाहा. २०१६ च्या मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदीचं १४४ कलम लावलं. पाचांपेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही. टाकीजवळ हंडे घेऊन कोण उभं असतं ते तुम्हाला सांगायला नको. पुढच्या महिन्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आता हेही पाहा, की सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून पाचशे मीटरांत परवानगीशिवाय दुसरी विहीर घेऊ नये हा कायदा राज्यात १९९३ पासून होता. त्यानंतरचा भूजल कायदा २०१४ पासून लागू झाला, त्यात साठ मीटरांहून खोल बोअरवर बंधनं आहेत. पण बोअरच्या गाड्या रात्रंदिवस फिरत होत्या. हंड्यांना कलम लागलं, बोअरच्या गाड्यांना लागलं नाही.

आणखी एक बदल ध्यानात ठेवा. १९८६ च्या पर्यावरण कायद्यात तुरुंगाची शिक्षा होती. २०२३ च्या दुरुस्तीनं ती काढून दंड ठेवला, दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत. १ एप्रिल २०२४ पासून हे लागू आहे. हा दंड न्यायाधीश नाही, अधिकारी ठरवतो. म्हणजे त्या खुर्चीवरच्या माणसाचं काम आता वाढलं आहे, आणि त्याला जाब विचारायचं आपलंही.

तर कागदाकडे येऊ. पंचनाम्याला पंच लागतात. नदीवर गेल्यावर तलाठ्याला पंचच मिळत नाहीत. गावातले पुरुष म्हणतात, आम्ही आज गावात नव्हतो. पंच म्हणून बाईची सही चालते का, असं मला कितींनी तरी विचारलं आहे. चालते. विहिरीचं पाणी किती हात खाली गेलं हे बाईइतकं नेमकं दुसरं कोण सांगणार? खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली आणि वेळ लिहिली आहे का, हे वाचून घ्या. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून वाचून घ्या, मग सही करा. कोऱ्या कागदावर करू नका. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यावी लागते, हे कायद्यात आहे. वाळूचा विषय तिथं घ्या, आणि ठराव इतिवृत्तात उतरल्याशिवाय उठू नका. तक्रारीची पोच घ्या. महिनाभरात हालचाल नाही झाली तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून विचारा, आमच्या अर्जाचं काय झालं. टेबलावर असा अर्ज आला की आम्ही नोकर लोक कसे जागे होतो, ते मी आतून पाहिलेलं आहे.

(या वेळी सभेतून एका बाईंनी विचारले, "सही केली आणि रात्री ट्रॅक्टर दाराशी आला तर?")

बरं झालं विचारलंत. घाबरू नका असं मी म्हणणार नाही. मी स्वतः घाबरलेली आहे. एकटीनं सही करू नका. पंच दोन लागतात, पण खाली हजर म्हणून पंधरा जणींची नावं लिहायला सांगा. त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा. ज्या घरात सही झाली त्या घरी पहिले चार-आठ दिवस दोघी-तिघींनी झोपायला जा. सुना-लेकींना हे सांगताना घरातले पुरुष काय म्हणतील, ते मला माहीत आहे. त्यावर आता जेवणानंतर बसून बोलू. तलाठीताईही आल्या आहेत, त्यांनाही थांबवून घ्या.