कापडावर भरलेला इतिहास

अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरात ह्मोंग संस्कृती शिकवणाऱ्या शाळा आहेत. लाओसच्या डोंगरांतून आलेल्या या ह्मोंग लोकांपैकी अनेक जण व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेच्या बाजूनं लढले. १९७५मध्ये पारडं फिरलं आणि हजारो कुटुंबं जीव मुठीत धरून मेकाँग ओलांडून थायलंडच्या छावण्यांत पोचली. तिथं बायकांनी ही पळापळ भरतकामात उतरवली: विमानं, बंदुका, नदीत उतरलेली माणसं. पाठ्यपुस्तकापेक्षा हे कापड या शाळांतल्या मुलांना लवकर भिडतं, असं मला मनापासून वाटतं. शिवाय ह्मोंगांचा तुलू हा भोवऱ्यांचा खेळ आहेच! काठीला बांधलेली दोरी भोवऱ्याला गुंडाळायची, झटक्यात सोडायची आणि दुसऱ्याचा फिरता भोवरा लांबून टिपायचा. ह्मोंग नववर्षाला चेंडूची झेलाझेलीही चालते. लग्नाळू मुलामुलींची ओळख पूर्वी त्यातूनच व्हायची.