रेघ चुकीच्या जागी
(कळमनुरी येथील साहित्य मेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)

लैंगिक कल म्हणजे माणसाला कोणाची शारीरिक आणि मानसिक ओढ वाटते, ते. तो प्रत्यक्षात कोणाशी संबंध ठेवतो ही दुसरी बाब, आणि स्वतःला गे, लेस्बियन, बायसेक्शुअल म्हणवतो की काहीच म्हणवत नाही, ही तिसरी. तुरुंगात पुरुषाशी संबंध ठेवणारा पुरुष समलिंगी असतोच असे नाही, आणि दोन लेकरांचा बाप समलिंगी नसतोच असेही नाही. स्वतःला स्त्री मानावे की पुरुष, हा तृतीयपंथीयांचा प्रश्न आणखी निराळा. चालण्याबोलण्याच्या ढबीवरून तर यातले काहीच ठरत नाही. आनंद यादवांच्या ‘नटरंग’मधला गुणा हा कसलेल्या अंगाचा, बायकापोरांचा माणूस. तमाशाच्या फडासाठी तो नाच्या होतो आणि लोक त्याच्या पुरुषपणाचा निकाल लावून मोकळे होतात. ती कादंबरी वाचून डोळे पुसणारा मराठी वाचक वर्गातल्या नाजूक बोलणाऱ्या पोराला ‘बायल्या’ म्हणायचे मात्र सोडत नाही.

हा कल येतो कुठून? आईने लाडावला, होस्टेलात बिघडला, मोबाईलने नादावला, ही तीन उत्तरे कळमनुरीच्या पारावर मिळतात आणि पुण्याच्या दिवाणखान्यातही मिळतात. तिन्हींना पुरावा नाही. २०१९ साली सुमारे पावणेपाच लाख लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात समलिंगी कल ठरवणारे एकच एक जनुक सापडले नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा आढळला आणि उरलेला भाग जनुकांबाहेरचा निघाला. ज्या मुलाला सख्खे थोरले भाऊ जास्त, तो समलिंगी असण्याची शक्यता थोडी वाढते, असेही वारंवार दिसले आहे. दत्तक आलेल्या थोरल्या भावाने ती वाढत नाही. म्हणजे कारण घरच्या वळणात नसून गर्भावस्थेत असावे, असा संशोधकांचा कयास आहे. काहींची ओढ आयुष्यात आपोआप सरकते, विशेषतः काही स्त्रियांची. पण आपोआप सरकणे वेगळे आणि कोणी धरून सरकवणे वेगळे. दुसरे कोणाला जमल्याचा पुरावा नाही.

हे सगळे परदेशी खूळ आहे असे म्हणणाऱ्यांनी मराठी नियतकालिकांचा इतिहास वाचावा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत पदरमोड करून चालवले. त्यात वाचक खासगीतले प्रश्न विचारत आणि कर्वे थोडक्यात, रोखठोक, बहुधा कोरड्या सुरात उत्तर देत. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांवरच्या अशाच उत्तरांसाठी १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. विषय लैंगिक आहे एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. लैंगिकतेचे अभ्यासक हॅवलॉक एलिस यांचे संशोधनही त्यांनी कोर्टापुढे ठेवले. कर्वे खटला हरले, त्यांना २०० रुपये दंड झाला. कर्व्यांच्या नावाने आज व्याख्यानमाला चालवणारे आणि बाबासाहेबांच्या नावाने घसा कोरडा करणारे या खटल्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत, याला विसराळूपणा म्हणणे फार सौम्य होईल.

वैद्यकशास्त्राचा इतिहासही स्वच्छ नाही. १८८६ साली मनोविकारतज्ज्ञ क्राफ्ट-एबिंगने समलिंगी ओढ आणि लैंगिक क्रौर्य एकाच ग्रंथात, एकाच रोगवहीत मांडले. पुढे विजेचे झटके आणि हार्मोनची इंजेक्शने देऊन माणसे ‘सरळ’ करण्याचे प्रयोग झाले. १९५७ साली एव्हलिन हुकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ३० समलिंगी आणि ३० भिन्नलिंगी पुरुषांच्या मानसिक चाचण्या नावे झाकून तज्ज्ञांपुढे ठेवल्या. कोण कोणता, हे तज्ज्ञांना ओळखता येईना. १९७३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आणि १९९० साली जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता रोगांच्या यादीतून काढली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांचे संमतीचे संबंध, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून वगळले. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कल बदलण्याच्या ‘उपचारा’ला व्यावसायिक गैरवर्तन ठरवले.

एसटी स्टँडच्या मुतारीच्या भिंतीला हे आदेश कोणी वाचून दाखवलेले नाहीत. स्वप्नदोष, धातुदुर्बलता, ‘वाईट सवयी’ यांवर हमखास इलाज करणारा तिथे अजून आपला वार आणि लॉजचे नाव लिहून जातो. धात गेल्याने शक्ती गेली, या भीतीने खंगणाऱ्या तरुणांचा ‘धात सिंड्रोम’ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० साली नोंदवला. वीर्य गेल्याने माणूस खंगत नाही, भीतीने खंगतो. भिंतीवरच्या वैद्याचे पोट त्याच भीतीवर चालते.

सर्वात खपणारे औषध मात्र वैद्याकडे नाही, घरातच आहे. लग्न लावून द्या, सुधारेल. ज्या मुलीच्या गळ्यात हे औषध बांधतात तिला रोग कोणता तेही सांगत नाहीत. पाळणा हलला नाही की सोनोग्राफी तिची, उपासतापास तिचे, अंगारा तिला, आणि टोमणे तर तिलाच. मुलाची तपासणी करावी असे कोणाच्या मनातही येत नाही. दोन आयुष्ये नासल्यावर वडीलधारे सांगतात, नशीब एकेकाचे. हे नशीब नाही, ठरवून केलेली फसवणूक आहे.

मग लैंगिक विकार म्हणायचे कशाला? दुर्मीळ ते विकृत नव्हे, आणि बघणाऱ्याला किळस येते म्हणूनही काही विकृत ठरत नाही. एखाद्याला विशिष्ट कापडाने किंवा चपलेने उत्तेजना मिळत असेल, त्यात कोणाला इजा नसेल आणि त्यालाही त्याचा त्रास नसेल, तर आजचे मानसशास्त्र त्याला रोगी म्हणत नाही. लोक नाकारतील या धास्तीचा त्रासही रोगाच्या हिशेबात धरला जात नाही. गर्दीच्या बसमध्ये बाईच्या अंगाला अंग घासणारा, शाळेच्या वाटेवर मुलींसमोर कपडे सोडणारा, न्हाणीघराच्या फटीतून बघणारा, हे विकाराच्या रेघेपलीकडचे, कारण समोरच्याची संमती नाही. मुलांबाबत तर संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही.

इथे समाजाचा ढोंगीपणा उघडा पडतो. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ५३ टक्के मुलांनी कोणता ना कोणता लैंगिक अत्याचार सांगितला आणि त्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखालच्या गुन्ह्यांत आरोपी बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो: शेजारी, नातलग, शिकवणीवाला. त्याच्यासाठी ‘घरातली गोष्ट घरात’ आणि दोन सज्ञान माणसांच्या प्रेमासाठी पंचायत, ही आपली नीती. समलिंगी पुरुष मुलांना धोकादायक असतात, हा समजही तिचाच भाग. मुलांवर अत्याचार करणाऱ्यांपैकी पुष्कळजण बायको असलेले, चारचौघांत मान असलेले संसारी गृहस्थ असतात.

मराठी साहित्याने याबाबत फार छाती फुगवू नये. समलिंगी ओढ असलेल्या तरुणीवरचे विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ कादंबरीत भाऊ आणि बहीण एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात. बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात समपथिक ट्रस्ट काढून समलिंगी लोकांसाठी मराठीत पुस्तके लिहिली. समीक्षा ‘धाडसी विषय’ म्हणून पाठ थोपटते आणि माणसांकडे पाठ फिरवते. टीव्हीवरच्या विनोदाला तर साडी नेसलेल्या पुरुषावाचून अजून हसू फुटत नाही.

ज्यांची ओढ खरोखर इतरांना घातक आहे, त्यांच्यावर उपचार आहेत: विचार आणि वर्तन बदलण्याची मानसोपचार पद्धत, कामेच्छा आटोक्यात ठेवणारी औषधे. मुलांकडे ओढ वाटते पण गुन्हा करायचा नाही, अशांसाठी बर्लिनमध्ये २००५ पासून गोपनीय उपचार मिळतात. आपल्याकडे असा माणूस कोणाला सांगणार? १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर बोलता येते, पण तो नंबर भिंतीवर कोणी रंगवत नाही.

कायद्यानेही ही संमतीची रेघ शेवटी पुसून टाकली. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा उरलेसुरले कलम ३७७ही गेले. त्यात पुरुषावरच्या जबरदस्तीची तरतूद होती, तीही गेली. बलात्काराच्या व्याख्येत पीडित स्त्रीच आहे. अठरा पुरी झालेल्या मुलावर होस्टेलात रॅगिंगच्या नावाखाली अत्याचार झाला, तर त्याला पोक्सो नाही आणि बलात्काराचे कलमही नाही. पोलीस ठाण्यात त्याची तक्रार मारहाण आणि दुखापतीच्या कलमांखाली लिहून घ्यावी लागते.