बाखाच्या वाटेत महाड नाही



वर्षभरात वाचलेल्या आवडत्या कादंबऱ्यांवर बोल म्हणालात. झोप आणणारं साहित्य आपल्याला परवडत नाही. झोप उडवणारं सांगतो.

रिचर्ड राईटची 'नेटिव्ह सन', १९४० ची. शिकागोतली एक खोली, चार माणसं आणि एक उंदीर. तो उंदीर मारणाऱ्या काळ्या बिगरलाही शेवटी तसंच कोंडून मारायचं ठरतं. अण्णाभाऊंचा 'फकिरा' पुन्हा वाचला. दुष्काळात हा गडी देवाकडं बघत नाही, धान्याच्या कोठाराकडं बघतो!

पण अडकलो मुल्कराज आनंदांच्या 'अनटचेबल'मध्ये. १९३५ ची कादंबरी. संडास झाडणाऱ्या अठरा वर्षांच्या बाखाचा एकच दिवस. जिलेबी खात चाललेला, सवर्णाला धक्का लागतो, थोबाडीत बसते. जिलेबी धुळीत. ते पान मला उलटवेना.

शेवटी त्याच्यापुढं येशू, गांधी आणि मैला पाण्यानं वाहून नेणारा संडास. लेखकाचा जीव यंत्रावर. इथं माझं भांडण आहे. यंत्र आलं की! १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला दुसरा. तरी गटारात उतरवतात कुणाला? बाखालाच. संडास बदलला, उतरणाऱ्याची जात तीच.

येवल्याची घोषणा कादंबरीनंतरची, मान्य. पण चवदार तळं तर १९२७ लाच पेटलं होतं ना? ती वाट बाखाला कुणीच का दाखवली नाही?

तरी वाचा. माझी प्रत वस्तीत फिरतेय, पानं सुटलीत. ज्याच्या हाती असेल त्यानं शिवून पुढं द्यावी.